हे आधी कुणाचं होतं?

नाताळची सकाळ होती. लेकीच्या घरी आम्ही सगळे झाडाभोवती बसलो होतो. झाड म्हणजे काय, प्लॅस्टिकचं, दोन-अडीच फुटांचं, टीपॉयवर ठेवलेलं. त्याच्याखाली खाकी कागदात गुंडाळलेल्या पाच-सहा वस्तू. माझ्या सात वर्षांच्या नातीनं त्यातली सगळ्यात मोठी वस्तू उचलली आणि धापा टाकत माझ्या मांडीवर आणून ठेवली. "आजी, ही तुझी. आधी तू उघड!"

ही गोष्ट डिसेंबर २०२२ची. माझी लेक आणि जावई इंग्लंडमध्ये रेडिंग नावाच्या गावी राहतात. मी कराडहून पहिल्यांदाच त्यांच्याकडे गेले होते. आपण काही ख्रिस्ती नाही. पण शाळा उघडली की पोरं एकमेकांना विचारणार, तुला काय मिळालं? मग नातीसाठी म्हणून घरात छोटंसं झाड आणि प्रत्येकाला प्रत्येकाकडून काहीतरी, अशी त्यांची पद्धत.

मी कागद सोडला. आत लाकडी डबा. दोन्ही हातांनी ओढला की पायऱ्यांसारखे कप्पे दोन्ही बाजूंना उघडतात, तसला. शिवणाचा डबा! क्षणभर मी हरखले. मग नीट बघितलं. मुठीजवळचं पॉलिश उडालेलं. झाकणावर गरम कप ठेवल्याचा गोल डाग. एका कप्प्यात कुणाची तरी बेजोड बटणं, अर्धं संपलेलं निळं रीळ आणि खड्डे पडलेलं एक अंगुस्तान. डबा उलटा केला तर तळाशी अर्धवट खरवडलेली चिठ्ठी. सहा पौंड. म्हणजे आपले सहाशे रुपये.

"आजी, हे आधी कुणाचं होतं?" नातीनं विचारलं.

मला काय माहीत! मी लेकीकडे बघितलं. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. मी म्हटलं, "छान आहे हं," आणि डबा मिटून बाजूला ठेवला.

मैत्रिणींनो, खरं सांगू? मला रडू फुटायचंच बाकी होतं. वीस वर्षं घरी मशीन चालवून, ब्लाऊज शिवून, फॉल-पिको करून जिला इंजिनिअर केलं, तिनं आईला दुसऱ्याच्या घरातली वापरलेली वस्तू द्यावी? सातासमुद्रापार येऊन हेच बघायचं होतं का? आणि कराडला परत गेल्यावर जाऊबाई विचारतील, "लेकीनं काय दिलं हो?" तर काय सांगू?

फिरत्या आहेराचं काय?

त्या दिवशी दुपारभर मी मनातल्या मनात धुसफुसत होते. पण मन मोठं लबाड असतं बघा. ते दुसऱ्याचा हिशेब करता करता आपलीही वही उघडतं. मला आठवला आमचा मोरपंखी ब्लाऊजपीस.

नणंदेच्या मुलाच्या मुंजीत मी तो दिला होता. घाईत घडी घालताना कोपऱ्याला कुंकवाचं बोट लागलं होतं. तीन वर्षांनी आमच्या वास्तुशांतीला तोच ब्लाऊजपीस, त्याच कुंकवाच्या बोटासकट, भलत्याच घरातून माझ्याकडे परत आला! किती घरं फिरून आला देव जाणे. आणि मी काय केलं? पुन्हा घडी घालून कपाटात ठेवला, 'देण्याच्या' चळतीत. तुमच्याही कपाटात ती चळत असेलच. आपण नेसणार नाही अशा साड्या, न उघडलेले स्टीलचे डबे, दोन-तीन भिंतीवरची घड्याळं. कुणाकडे बारसं, वाढदिवस निघाला की त्यातलं एक उचलायचं.

याला इंग्रजी बोलणाऱ्या लोकांनी 'री-गिफ्टिंग' असं नाव दिलंय. अमेरिकेतल्या 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेच्या १९९५ सालच्या एका भागानंतर तो शब्द घरोघरी पोचला. आपल्याकडे मालिकेची गरज पडली नाही. 'फिरता आहेर' हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होता.

म्हणजे आलेली वस्तू पुढं देण्यात आपण काही नवखे नाही. फक्त एक अट असते, घडी मोडलेली नसावी. वापरलेली नसली की झालं; मग तिच्यात मन असो वा नसो.

रात्रीचं बोलणं

रात्री नात झोपली. जावईही आत गेले. लेक माझ्या शेजारी येऊन बसली, पायावर रजई ओढून. घर गारठलेलं होतं. मी गेल्यापासून रोज म्हणत होते, "अगं, हीटर लाव की. एवढी काटकसर कशाला?" ती संध्याकाळी दोन तासच लावायची.

"आई, तुला डबा आवडला नाही ना?"

"आवडण्याचं काय त्यात? पण आईला कुणी वापरलेलं देतं का गं? इथली दुकानं काय ओस पडलीत?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आई, ऑक्टोबरमध्ये याची नोकरी गेली. तुझं तिकीट आधीच काढलं होतं. तुला कळलं असतं तर तू आलीच नसतीस, म्हणून सांगितलं नाही."

मला काही सुचेना. हीटर, भाज्यांचे मोजून आणलेले तुकडे, बाहेर जेवायला गेलो नाही ते, सगळं एकदम लख्ख दिसलं. आणि मी काय करत होते? कराडहून निघताना केलेली चौदा जणांच्या भेटवस्तूंची यादी तिला रोज वाचून दाखवत होते! जाऊबाईंना परफ्युम, पुतणीला पर्स, समोरच्या वहिनींना चॉकलेटचा मोठा डबा…

"पण एक सांगू?" ती म्हणाली. "डबा पैसे नव्हते म्हणून नाही घेतला. पैसे असते तरी हाच घेतला असता. चार शनिवार शोधत होते मी. तुझा तो डालड्याचा डबा आठवतो? सुई शोधताना दर वेळी बोटाला टोचायची. मी लहान असताना तुला म्हटलं होतं, तुला कप्प्यांचा डबा आणीन. नवे मिळतात गं इथं. पण हा बघितला आणि वाटलं, हा कुण्या शिवणाऱ्या बाईनं जन्मभर वापरलाय. तो शिवणाऱ्या बाईकडेच जायला हवा."

मी उठले, डबा आणला आणि मांडीवर घेऊन नीट उघडला. ते अंगुस्तान बोटात घालून पाहिलं. बरोब्बर बसलं.

त्या दुकानात

तीन दिवसांनी मी तिला म्हटलं, "मला ते दुकान दाखव." ती घेऊन गेली.

तिकडे या दुकानांना 'चॅरिटी शॉप' म्हणतात. ब्रिटनमध्ये अशी दहा हजारांहून जास्त दुकानं आहेत. बाजाररस्त्यावर औषधाच्या दुकानाशेजारी किंवा बँकेच्या बाजूला अगदी सहज दिसतात. लोक आपल्या घरातल्या नको असलेल्या वस्तू तिथं आणून देतात. कपडे, पुस्तकं, कपबशा, कोडी, खेळणी. दुकान त्या विकतं आणि नफा संस्थेच्या कामाला जातो. कुणाचं कॅन्सरवरच्या संशोधनाचं काम, कुणाचं दुष्काळातल्या मदतीचं. गल्ल्यावर बहुतेक सगळे विनापगारी स्वयंसेवक. आम्ही गेलो तेव्हा सत्तरीच्या एक बाई मागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीनं शर्ट सरळ करत होत्या. लेकीची त्यांच्याशी ओळख होती, म्हणून मला आत डोकावायला मिळालं.

वाटलं होतं, जुन्या बाजारासारखा ढीग असेल. तसं नव्हतं. आलेली प्रत्येक पिशवी आधी निवडली जाते. फाटलेलं, डागाळलेलं दुकानात लागत नाही; ते वजनावर चिंध्यांच्या व्यापाऱ्याला जातं. खेळण्यावर सुरक्षिततेची खूण नसेल तर ते विकायचं नाही. विजेची वस्तू तपासल्याशिवाय मांडायची नाही, म्हणून कित्येक दुकानं ती घेतच नाहीत. पाश्चिमात्य देशांतल्या जुन्या लोकरी कपड्यांचा काही भाग आपल्या पानिपतलाही येतो बरं का! तिथं ते कपडे फाडून, पिंजून पुन्हा धागा काढतात आणि त्याची ब्लँकेटं विणतात. पानिपत म्हटलं की आपल्याला दुसरंच काही आठवतं, पण ही त्या गावाची आजची ओळख आहे.

त्या दिवसांत दुकानात गर्दी होती. कारण उघड होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनमधली महागाई ११.१ टक्क्यांवर गेली होती, गेल्या एकेचाळीस वर्षांत सर्वांत जास्त. गॅस-विजेच्या बिलांनी तर भल्याभल्यांचे डोळे पांढरे केले होते. आमच्या घरी नोकरी गेली होती, पण ज्यांच्या नोकऱ्या होत्या त्यांचीही ओढाताण चालली होती. त्यात नाताळ! आपल्याकडे दिवाळीत जशी पोराबाळांना काही घेतल्याशिवाय राहवत नाही, तसंच तिथं.

युद्धातली बाहुली

लेकीच्या शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक इंग्लिश आजी राहतात. नाताळनंतर त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं. माझं इंग्रजी यथातथाच, पण लेक मध्ये बसून सांगत होती. मी तिला डब्याची गोष्ट सांगायला लावली. आजी हसल्या आणि उठून कपाटातून एक बाहुली घेऊन आल्या.

"ही मला १९४४च्या नाताळात मिळाली. मी सहा वर्षांची होते. ही माझ्या मावसबहिणीची होती. नाक तुटलेलं होतं. आईनं ते नीट करून चेहरा नव्यानं रंगवला आणि जुन्या पडद्याचा फ्रॉक शिवला. मला ती नवीनच वाटली होती. खरं कळलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. मग ती मला जास्तच आवडायला लागली!"

दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन होतं. जून १९४१ मध्ये ते सुरू झालं आणि युद्ध संपल्यावरही १९४९ पर्यंत चाललं. पैसे असले तरी कूपन नसेल तर कापड नाही. गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन तर फेब्रुवारी १९५३ मध्ये उठलं. कारखाने लढाईच्या सामानात गुंतलेले, त्यामुळे नवी खेळणी दुर्मीळ. मग थोरल्याची सायकल रंगवून धाकट्याला आणि बाबांचा कोट कापून मुलीला. सरकारनं १९४३ मध्ये 'मेक डू अँड मेन्ड' नावाची पुस्तिकाच काढली होती. आहे ते दुरुस्त करून वापरा, हे सांगणारी. उसवणं, उलटवणं, ठिगळ, रफू… आपल्या आयांना न वाचताच येत होतं ते सगळं!

त्याच युद्धकाळात, १९४२ मध्ये, ऑक्सफर्ड शहरात एक समिती स्थापन झाली. नाझींच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये लोक उपासमारीनं मरत होते, त्यांना अन्न पोचावं म्हणून. तीच पुढं 'ऑक्सफॅम' झाली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीला तिनं ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर आपलं पहिलं कायमचं दुकान थाटलं. लोकांनी दिलेल्या वस्तू विकायच्या आणि मदतीचा पैसा उभा करायचा. रेडिंगहून ऑक्सफर्ड आगगाडीनं अर्ध्या तासावर.

त्याहून आधी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १९०२ मध्ये एडगर हेल्म्स नावाच्या पाद्रीबाबांनी आणखी एक पाऊल पुढं टाकलं होतं. श्रीमंत वस्त्यांतून ते जुन्या वस्तू गोळा करायचे आणि गरिबांना नुसत्या वाटून न टाकता त्यांनाच त्या दुरुस्त करायचं काम द्यायचे. त्यांना कामाची मजुरी मिळायची आणि दुरुस्त झालेली वस्तू विकली जायची. त्यातूनच 'गुडविल' ही संस्था उभी राहिली. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हे त्यातलं खरं मर्म.

आपलं काय?

परतीच्या विमानात मी हाच विचार करत होते. जुनं आपल्याला वर्ज्य होतं कधी?

बाळ जन्मलं की त्याला पहिलं काय घालतो आपण? दुसऱ्या बाळाचं वापरून मऊ झालेलं झबलं. दुपटं आजीच्या जुन्या लुगड्याचं. कुणी विचारलं तर सांगतो, नव्या कापडाची खळ बाळाला बोचते. पण त्याबरोबर आणखीही काही असतं ना? ते झबलं अंगाला लागलेलं एक बाळ छान वाढलेलं असतं, त्याचा गुण लागावा असं वाटतं. गोधडी तर घरातल्या सगळ्यांच्या जुन्या कपड्यांचीच. जूनमध्ये वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तकं आपण निम्म्या किमतीत घ्यायचो, आणि त्यात महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारलेल्या असल्या तर उलट बरंच वाटायचं. बोहारीण दारात आली की जुन्या साड्या देऊन पातेलं घ्यायचो, घासाघीस करून.

आणि नाताळसुद्धा काही फक्त तिकडचा नाही. आमच्या गल्लीत मिरजेहून बदलून आलेल्या एक ख्रिस्ती शिक्षिका राहायच्या. तीन मुली त्यांना. दर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या माझ्याकडे फ्रॉक घेऊन यायच्या. थोरलीचा मधलीला, मधलीचा धाकटीला. कुठं खालची दुमड सोडून उंची वाढवायची, कुठं रंग विटला असेल तर शिवण उसवून कापडाची आतली बाजू बाहेर काढायची, आणि गळ्याला नवी लेस लावायची. लेस मात्र त्या चांगली घ्यायच्या. नव्या कापडाचा फ्रॉक दर वर्षी एकीलाच, पाळीपाळीनं. पंचवीस तारखेला तिघी चर्चला निघाल्या की नवा फ्रॉक कुणाचा, हे मला, शिवणारीलाही, चटकन ओळखू यायचं नाही. संध्याकाळी करंज्यांची आणि केकची ताटली घेऊन त्या तिघी आमच्या दारात यायच्या.

म्हणजे जुनं देणंघेणं आपल्या घरात होतंच. मग लेकीनं दिलेला डबा मला का बोचला? बराच विचार केल्यावर उत्तर सापडलं, आणि ते काही माझ्या कौतुकाचं नव्हतं. जुनं द्यायची आपल्याला लाज वाटत नाही. घ्यायची वाटते. आपल्या मनात जुनं हे वरून खाली जातं. थोरल्याकडून धाकट्याला, मालकिणीकडून मोलकरणीला. उलट दिशेनं आलं की तो अपमान वाटतो.

इंग्रजांकडे पंचवीस डिसेंबरच्या दुसऱ्या दिवसाला 'बॉक्सिंग डे' म्हणतात. पूर्वी त्या दिवशी नोकरचाकरांना, निरोप्यांना बक्षिसीच्या पेट्या द्यायची चाल होती. घरच्यांच्या भेटी वेगळ्या, नोकरांची पेटी वेगळी! आपल्याही दिवाळीत दोन वेगळ्या पिशव्या असतातच की.

माझ्याकडे धुणंभांडी करायला मावशी येतात. त्याच वर्षीच्या दिवाळीत मी त्यांना एक साडी दिली होती. इस्त्रीनं पदराजवळ जळलेली. मी सांगितलं नाही, त्यांनीही काही म्हटलं नाही. दिवाळी दिली म्हणून मी मात्र समाधानात होते. आता विचार करा, ती साडी मी जाऊबाईंना दिली असती का? लेकीनं डब्यासाठी चार शनिवार घालवले होते. मी त्या साडीसाठी चार मिनिटंही घालवली नव्हती.

परत आल्यावर

यादीतल्या चौदा जणांचं काय झालं, ते सांगायलाच हवं. मी आणि लेक मिळून दोन दिवस दुकानं हिंडलो. प्रत्येकासाठी काही ना काही शोधलं. पुतणीसाठी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं, समोरच्या वहिनींसाठी भरतकाम केलेला मेजपोस, जाऊबाईंसाठी गुलाबांच्या नक्षीचा चहाचा सेट, सहा कपांपैकी पाच. लेक म्हणाली, "आई, सांगायचं मात्र खरं. वापरलेलं आहे म्हणून सांग. लपवलंस तर तो पुन्हा फिरता आहेर झाला."

सांगायला जीभ रेटत नव्हती हो! पण सांगितलं. समोरच्या वहिनींनी मेजपोस उलटा करून मागचे टाके पाहिले आणि म्हणाल्या, "मागची बाजूही किती स्वच्छ आहे! कुणाचा हात असेल?" पुतणीनं पुस्तकातली कुणा मुलीची सही मैत्रिणींना दाखवली. जाऊबाई मात्र, "बरं बरं, छान," म्हणाल्या आणि सेट कपाटात गेला तो गेलाच. अजून त्यातला चहा मला मिळालेला नाही. असो. त्यांना दोष देत नाही. त्या दिवशी झाडाखाली मी तेच केलं होतं.

जावयांना मार्चमध्ये नवी नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी आहे, पण चाललंय.

आणि मावशी? जानेवारीत मी त्यांना बसवून विचारलं, "तुम्हाला खरंच उपयोगी पडेल असं काय आहे?" आधी त्या काही बोलेनात. मग हळूच म्हणाल्या, "पोरगी शिवणाच्या क्लासला जाती. तिथं मशीनवर नंबर लागत न्हाई." माझी जुनी पायमशीन माळ्याखाली कापड टाकून ठेवली होती. आता मी मोटरवर शिवते. ती काढली, आतला कचरा साफ केला, तेल घातलं, नवी वादी घातली, बॉबिन केस बदलली आणि चार दिवस स्वतः चालवून पाहिली. मग दिली. सांगितलं, "वीस वर्षं वापरलीय. शिवण थोडी डावीकडं ओढते, तेवढं सांभाळायचं."

मावशींनी मशीनवरून हात फिरवला. म्हणाल्या, "तुमच्या हाताखालची हाय, म्हंजी शानी असंल."

गेल्या दिवाळीला मावशींच्या मुलीनं मला एक ब्लाऊज शिवून दिला. बाही थोडी तिरकी बसलीय. मी तो घालते.

डिसेंबर २०२३ मध्ये नातीला काय पाठवायचं, हा प्रश्न मला पडला नाही. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझ्या आईची पितळी भातुकली होती. बोटाएवढं पातेलं, पळी, जातं, बंब. चिंच लावून घासली, लखलखीत केली. जात्याचा खुंटा तुटलेला होता, तो तसाच राहू दिला. एक गाववाले रेडिंगला निघाले होते, त्यांच्या बॅगेत ती गेली. नाताळच्या दिवशी दुपारी आपल्याकडे फोन वाजला. व्हिडिओवर नात होती, हातात ते इवलंसं जातं.

"आजी, हे आधी कुणाचं होतं?"

या वेळी मला उत्तर माहीत होतं. अर्धा तास सांगत होते.

जुनी वस्तू भेट देताना…

• आधी स्वतःला विचारा, हीच वस्तू मी माझ्या बरोबरीच्या माणसाला दिली असती का? उत्तर 'नाही' असेल तर कुणालाच देऊ नका.

• माणूस आधी ठरवा, वस्तू मागाहून शोधा. घरात पडून आहे म्हणून कुणाच्या तरी गळ्यात मारू नका.

• धुवा, घासा, तेल घाला, तुटकं बटण लावा. डाग जात नसेल, साखळी लागत नसेल तर ती वस्तू भेट नव्हे.

• वापरलेली आहे हे सरळ सांगा. काही खोड असेल तर तीही सांगा. ती कुणाची होती, कुठून आली, ही गोष्ट माहीत असेल तर तीही द्या.

• विजेची वस्तू इलेक्ट्रिशियनला दाखवूनच द्या. हेल्मेट, औषधं, उघडलेली सौंदर्यप्रसाधनं आणि लहान मुलांची सुट्या भागांची किंवा रंग उडालेली खेळणी देऊ नका.

• समोरच्याला नको असेल तर नाही म्हणायची मोकळीक द्या, आणि त्याचा राग धरू नका.

• आणि कधी कुणी तुम्हाला वापरलेलं काही दिलं, तर किमतीची चिठ्ठी शोधण्याआधी एकदा देणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. मी बघितलं असतं, तर तो नाताळ मला रडवेल्या तोंडानं काढावा लागला नसता.